जुन्या गाड्यांच्या ग्रुपमधला 'उस्ताद' कोण?

तर मंडळी, प्रीमियर पद्मिनी घ्या. कुर्ल्याला बनायची, 1089 सीसीचं कार्बोरेटरवालं इंजिन. समजा भर उन्हात ट्रॅफिकमध्ये बंद पडली. ग्रुपवर लगेच चार जण सांगणार, कार्बोरेटर बदल! ज्याला सगळे मानतात तो आधी विचारतो, गार झाल्यावर चालू होते का? होते? मग फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवून बघ. पेट्रोलची वाफ होत असेल तर फुकटात कळतं. आणि दोन दिवसांनी स्वतःहून विचारतो, काय झालं रे?

ब्रेकचा विषय निघाला की मात्र हाच माणूस फोनवर उपाय सांगत नाही. गाडी हलवू नकोस, मेकॅनिकला बोलाव, बस्स.

बरं, त्याच्याकडे गाड्या किती? मी ओळखतो त्या उस्तादाकडे एकच आहे, तीपण अर्धी खोललेली.