रोमन छावणीतली हजेरी



रोमचं नाव निघालं की आपल्याला सीझर आठवतो, लढाया आठवतात. आज मी लढाईबद्दल फारसं बोलणार नाही. दिवसभर कूच करून थकलेलं सैन्य संध्याकाळी काय करत होतं, याबद्दल बोलणार आहे. रोमचं खरं बळ तिथे दिसतं, असं माझं मत आहे.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानं रोमन छावणीचं बारकाईनं वर्णन केलं. सैन्याच्या पुढे काही अधिकारी जाऊन जागा हेरत. सेनापतीच्या तंबूची जागा ठरली की तिथे पांढरं निशाण रोवत आणि पुढची सगळी मापं तिथून घेत. सरळ रस्ते, बाहेर खंदक, खंदकाच्याच मातीचा बांध आणि त्यावर लाकडी मेढेकोट. मेढी शिपाई स्वतः वाहून आणत. बांध आणि तंबू यांच्यामध्ये 200 फूट जागा मोकळी सोडत. लुटीत मिळालेली गुरं तिथे राहत आणि शत्रूचा मारा तंबूंपर्यंत पोहोचत नसे. आराखडा दर मुक्कामी तोच. मुलूख परका असला तरी आपला तंबू कुठे, हे शिपायाला विचारावं लागत नसे.

पुढे साम्राज्याच्या काळात आठ जणांमागे एक चामड्याचा तंबू असे. गहू दळायला त्यांचं हातजातं आणि ओझ्याला खेचर असे. झोपणं, उठणं, पहारा बदलणं, सगळं कर्ण्याच्या इशाऱ्यावर चाले, असं इतिहासकार जोसेफस सांगतो.

आता पॉलिबियसनंच सांगितलेल्या परवलीच्या शब्दाचं पाहा. रोज सूर्यास्ताला प्रत्येक रांगेतला एक ठरलेला शिपाई अधिकाऱ्याच्या तंबूत जाई. तिथे त्याला परवलीचा शब्द लिहिलेली लाकडी पाटी मिळे. हा शिपाई रांगेच्या अगदी टोकाच्या तुकडीतला असे. तो पाटी आपल्या तुकडीत नेई आणि साक्षीदारांसमोर शेजारच्या तुकडीच्या नायकाच्या हाती देई. तो पुढच्याला देई. असं करत पाटी सगळ्या तुकड्यांमधून फिरून अंधार पडायच्या आत अधिकाऱ्याकडे परत येई. सगळ्या पाट्या आल्या म्हणजे शब्द सगळ्यांना पोहोचला. एखादी आली नाही, तर कुठे अडली ते लगेच शोधून काढता येई. शब्द पोहोचवणं आणि तो पोहोचल्याची खात्री करणं, दोन्ही कामं एकाच पाटीनं होत.

रात्रीच्या चारही प्रहरांत घोडेस्वार पहारे तपासत. पहारेकरी जागा असेल तर त्याच्याकडची पहाऱ्याची पाटी घेत. झोपलेला सापडला तर जवळच्यांना साक्षी ठेवून पुढे जात. सकाळी पाटी कमी भरली की चौकशी होई. दोषी ठरलेल्याला त्याचेच सोबती काठ्यांनी आणि दगडांनी मारत, आणि बहुतेक जण तिथेच प्राण सोडत. ही शिक्षा अमानुष होती, हे मी स्पष्ट सांगतो. पण नुसत्या भीतीनं छावणी चालते, असं मानू नका. पाटी नसती तर भीतीचा उपयोग काय झाला असता?

छावणी नोंदींवर चालत होती, याचा पुरावा आपल्याला उत्तर इंग्लंडमधल्या विंदोलंदा इथे मिळतो. तिथल्या ओल्या, हवाबंद मातीत 1973 पासून रोमन काळातल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडत आल्या आहेत. शाईनं लिहिलेल्या त्यातल्या एका पट्टीवर तुंग्रियन लोकांच्या पहिल्या पलटणीची 18 मेची हजेरी आहे. काळ पहिल्या शतकाच्या अखेरचा. एकूण माणसं 752. गैरहजर 456, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यातली 337 कोरिया नावाच्या दुसऱ्या ठाण्यावर आणि 46 प्रांताधिकाऱ्याच्या रक्षकदलात. विंदोलंदात उरली 296. त्यांत आजारी 15, जखमी 6, डोळे आलेले 10. कामाला उभी राहू शकणारी 265.

या 10 जणांपाशी मी नेहमी थबकतो. डोळे येण्यासारखी साधी तक्रार, तीही आजाऱ्यांत न मिसळता वेगळी लिहिलेली. डोळे आलेला माणूस पहाऱ्याला ठेवता येत नाही, पण चार दिवसांनी तो परत उभा राहील, हे लिहिणाऱ्याला माहीत असणार.

याच जागी सापडलेल्या पत्रांत कुणीतरी कुणाला मोजे आणि चड्ड्या पाठवल्या आहेत, कुणी आपल्या सोबत्यांसाठी बिअर मागवली आहे. एका अधिकाऱ्याची पत्नी क्लाउडिया सेवेरा हिनं मैत्रिणीला वाढदिवसाचं बोलावणं धाडलं आहे. मात्र साध्या शिपायाला नोकरीत असेपर्यंत कायदेशीर लग्नाची मुभा नव्हती. पगारही फारसा हाती लागत नसे. आजच्या इस्रायलमधल्या मसादा इथे सापडलेल्या एका शिपायाच्या हिशेबात पगाराचे 50 देनारी जमा आहेत. जव, जेवण, पायताण, चामड्याचे पट्टे, लिननचा सदरा यांपायी ते सगळे कापून गेले आहेत. त्याच्या हाती काय उरलं असेल, ते आपणच ताडा.

म्हणून मी या छावणीचे पोवाडे गाणार नाही. तिनं परक्यांचे मुलूख दाबले आणि स्वतःच्या माणसांनाही पिळलं. पण एक गोष्ट तिच्याकडून घेण्यासारखी आहे. आपण किती आहोत, कुठे आहोत, आपल्यात आजारी कोण, हे तिला रोजच्या रोज माहीत असे, आणि आकडा वाईट असला तरी तो खरा लिहिला जाई. 752 पैकी 265, हे वरिष्ठांना कळवायला धैर्य लागतं. ज्या संस्था असा आकडा लपवतात, त्या बाहेरून कितीही भक्कम दिसोत, आतून पोखरलेल्याच असतात.