तराफ्याचा पत्रा किती जाड हवा?



विसर्जनाला आपले डोळे मूर्तीवर असतात. खालच्या तराफ्याकडे, आपल्या वडोदऱ्याच्या बोलीत तरापोकडे, सहसा लक्ष जात नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. तेव्हापासून मात्र लोक आम्हाला विचारतात, "पत्रा जाड असला म्हणजे होडी सुरक्षित ना?" त्या होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. जाडीचा प्रश्नही शेवटी वजनापाशीच येतो.

हिशेब करून पाहू. ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, १ मीटर उंच असा बंद पोलादी तराफा धरा. त्याला चहूबाजूंनी, तळ आणि माथा धरून, ६८ चौरस मीटर पत्रा लागतो. एक चौरस मीटर पत्र्याचे वजन दर मिलिमीटर जाडीला सुमारे ७.८५ किलो. म्हणजे ४ ऐवजी ६ मि.मी. पत्रा घेतला की जवळजवळ १,०७० किलो वाढले. पंधराएक माणसांचे वजन कोणी चढण्याआधीच चढले आणि तराफा साडेचार सेंटिमीटर खाली बसला!

मग पातळ पत्रा घ्यावा का? पाण्याच्या दाबाने पत्रा वाकतो तो दोन फ्रेमच्या मध्ये. फ्रेममधले अंतर निम्मे केले, तर तेवढ्याच दाबाला निम्मी जाडी पुरते. आजीच्या धान्याच्या कोठीचा पत्रा पातळच असे, वळ्यांमुळे ताठ राही, तसेच हे. पण फार पातळ पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने वाकडा होतो, घाटाच्या पायरीवर आपटला की त्याला पोचा येतो.

आणि गंज! ४ मि.मी.तला १ मि.मी. गंजाने खाल्ला, तर जाडी पाऊण उरते; वाक सोसण्याची ताकद मात्र ५६ टक्केच. म्हणून गंजाची सूट धरूनच जाडी ठरवावी लागते. पाण्याच्या रेषेजवळ गंज अधिक लागतो आणि उत्सवाआधीचा नवा रंग तो झाकतो.

तेव्हा मूर्ती चढवण्याआधी मांजलपूरच्या प्रत्येक मंडळाने तीन गोष्टी विचाराव्यात: पत्र्याची जाडी यंत्राने शेवटची कधी मोजली? आतल्या टाक्यांत पाणी शिरलेले नाही ना? भाराची मर्यादा बाजूला लिहिली आहे का? उत्तर मिळेपर्यंत आरती आणखी एकदा म्हणू, पण तराफ्यावर पाय ठेवायचा नाही.

गणपती बाप्पा मोरया!