स्टेट स्ट्रीटवरची शाळा

(मंडळाच्या पालक मेळाव्यातलं भाषण. थोडी काटछाट सोडली तर बोललो तसंच ठेवलं आहे.)



कमिटीने फोनवर मला विषय दिला होता, 'ॲन आर्बरमध्ये हायस्कूल कसं निवडावं'. नवीन आलेली कुटुंबं शाळा बघून घर घेतात, तेव्हा "काका, थोडं मार्गदर्शन करा" असा आग्रह झाला. मार्गदर्शन म्हटलं की मला घाम फुटतो. म्हणून मी फक्त एका शाळेची गोष्ट सांगणार आहे. माझी मुलगी जिथे १९९६ ते २००० शिकली, ती पायोनियर. ह्युरॉन आणि स्कायलाइनच्या पालकांनी राग मानू नये, आपण चहाच्या वेळी भांडू.

पायोनियर तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे, निदान तिचं पार्किंग तरी. मेन स्ट्रीट आणि स्टेडियमचा कोपरा, समोर मिशिगन स्टेडियम. फुटबॉलच्या शनिवारी तिथे लाखावर माणूस जमतो आणि शाळेच्या हिरवळीवर गाड्या, शेगड्या आणि सॉसेजचा धूर. मी १९८६ साली इथे शिकायला आलो तेव्हा मला वाटलं जत्रा आहे. शाळेच्या आवारात गाडी लावायचे पैसे घेतात हे कळल्यावर तर मी हादरलोच होतो. आमच्या सांगलीच्या शाळेच्या मैदानात सायकल लावली तरी शिपाई हवा सोडायचा!

पण ही शाळा मुळात तिथली नाहीच. १८५६ मध्ये ती सुरू झाली ती गावात, स्टेट स्ट्रीटवर, हुरॉन आणि वॉशिंग्टन या रस्त्यांच्या मध्ये. १८५६ म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या एक वर्ष आधी. पायोनियर व्हायच्या आधी तिचं नाव साधं होतं, ॲन आर्बर हायस्कूल. युनिव्हर्सिटी दोन पावलांवर, त्यामुळे पुढे तिथे प्रवेश घ्यायचा म्हणून बाहेरगावची मुलंही फी भरून या शाळेत यायची. आपल्याकडे कोकणातली मुलं वार लावून पुण्यात शिकायची, तसंच काहीसं.

सरकारी पैशातून हायस्कूल चालवायचं ही कल्पना त्या वेळी सगळ्यांना पटलेली नव्हती. इथून शंभरेक मैलांवर कॅलमझूमध्ये काही करदात्यांनी खटलाच भरला. प्राथमिक शिक्षणापर्यंत ठीक आहे, पण लॅटिन शिकवायला आमचे पैसे का? १८७४ मध्ये मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की गावाला कर लावून हायस्कूल चालवता येईल. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती थॉमस कूली आपल्या ॲन आर्बरचेच, युनिव्हर्सिटीत कायदा शिकवायचे. दुसऱ्या राज्यांतही या निकालाचा आधार घेतला गेला. आपण प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं की कुरकुरतो ना, तेव्हा कूलीसाहेबांची आठवण ठेवा. (मीही कुरकुरतो.)

दुसरा माणूस हेन्री फ्रीझ. लॅटिनचा प्राध्यापक, १८६९ ते १८७१ युनिव्हर्सिटीचा हंगामी अध्यक्ष. त्याच्या काळात, १८७० मध्ये, युनिव्हर्सिटीत मुलींना प्रवेश मिळाला. आपली हुजूरपागा १८८४ ची, म्हणजे फार मागे नव्हतो आपण. फ्रीझने आणखी एक गोष्ट केली. प्राध्यापकांनी जाऊन हायस्कूल तपासायचं आणि ते पसंत पडलं तर तिथल्या मुलांना प्रवेश परीक्षेशिवाय युनिव्हर्सिटीत घ्यायचं. एका दिवसाच्या पेपरवर मुलाचं भवितव्य ठरवण्यापेक्षा त्याच्या शाळेवर विश्वास टाकायचा. मी बारावीच्या मार्कांवर इंजिनियरिंगला गेलेला माणूस. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच वाटेना.

तर ती जुनी शाळा ३१ डिसेंबर १९०४ च्या रात्री जळाली. लोक नव्या वर्षाची वाट बघत होते आणि शाळा पेटली. इमारत गेली, पण शाळेच्या लायब्ररीतली हजारो पुस्तकं विद्यार्थ्यांनी, बंबवाल्यांनी आणि बघ्यांनी बाहेर काढली. मिशिगनमधली डिसेंबरची थंडी तुम्हाला माहीत आहे. १९०७ मध्ये त्याच जागी नवी शाळा उभी राहिली आणि तिला लागूनच कार्नेगीच्या पैशातून गावाची लायब्ररी.

पुढे मुलं मावेनात, म्हणून १९५६ मध्ये शाळा आताच्या जागी गेली. तेव्हापासून तिच्यात तारांगण आहे, इथल्या आर्गस कॅमेरा कंपनीच्या मदतीने झालेलं. रिकामी झालेली जुनी इमारत युनिव्हर्सिटीने घेतली आणि नाव दिलं फ्रीझ बिल्डिंग. माझा रूममेट नाटकवाला होता, त्यांचा विभाग तिथे. त्याला भेटायला मी जायचो तेव्हा त्या जिन्यांवरून, त्या रुंद बोळांतून जाताना मास्तर मागून हाक मारतील असं वाटायचं. ही खरोखरची शाळा होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं. २००७ मध्ये ती पाडली. आता तिथे नॉर्थ क्वाड आहे.

पायोनियर हे नाव मिळालं ते दुसरं हायस्कूल, ह्युरॉन, उभं राहिलं म्हणून. ह्युरॉनची इमारत पूर्ण होईपर्यंत दोन्हीकडची मुलं एकाच इमारतीत पाळीपाळीने शिकायची, सकाळची शाळा आणि दुपारची शाळा, अगदी आपल्यासारखी. पायोनियरच्या पोरांनी दुपारवाल्यांना 'रिव्हर रॅट्स' म्हणून चिडवलं आणि त्यांनी ते नाव अभिमानाने लावून घेतलं, असं सांगतात. आजही ह्युरॉनचं तेच नाव आहे.

पायोनियरच्या माजी विद्यार्थ्यांत गायक बॉब सीगर आहे, इगी पॉप आहे, माहितीपटवाला केन बर्न्स आहे. यादी मुलीला कौतुकाने वाचून दाखवली तर ती म्हणाली, "बाबा, यात इंजिनियर एकही नाही."

आता थोडं माझं सांगतो. हे कमिटीला सांगितलं नव्हतं.

इथे पाचवीत प्रत्येक मुलाच्या हातात वाद्य देतात. आमच्या मुलीने व्हायोला घेतला, भाड्याने. पायोनियरचा ऑर्केस्ट्रा नावाजलेला, ग्रॅमी फाउंडेशनने गौरवलेलं संगीत खातं. तिला त्यात जागा मिळाली. अकरावीला टाइमटेबल आलं तर ऑर्केस्ट्रा आणि वरच्या पातळीचं केमिस्ट्री एकाच तासाला. मी पाच मिनिटंही विचार केला नाही. आमच्या शाळेत गाणं आणि चित्रकला म्हणजे ऑफ तास. समुपदेशक बाईंनी विचारलं, "तिचं काय म्हणणं आहे?" मी म्हणालो, "तिलाही हेच हवंय." ती माझ्या शेजारी बसली होती. ती काही बोलली नाही. फॉर्मवर सही माझी आहे.

व्हायोला परत करायला दुकानात दोघं गेलो. पेटी तिने मला उचलू दिली नाही.

त्या वर्षी 'कॅप्सूल नाइट'ला, म्हणजे पालकांनी मुलांचं टाइमटेबल घेऊन दहा-दहा मिनिटं प्रत्येक वर्गात जाऊन बसायचं असतं ना, तेव्हा मी त्या अवाढव्य इमारतीत रस्ता चुकलो आणि केमिस्ट्रीऐवजी ऑर्केस्ट्राच्या खोलीत शिरलो. बाहेर पडायची लाज वाटली म्हणून बसलो. पुढे हिवाळ्यात तिच्या मैत्रिणीचा कार्यक्रम होता, श्रायबर ऑडिटोरियममध्ये. तोवर मी तिथे एकदाही आलो नव्हतो, ती स्वतः वाजवत होती तेव्हासुद्धा. नेहमी कसली ना कसली डेडलाइन असायची. ती माझ्या शेजारी बसली होती. अंधारात माझं लक्ष गेलं, तिच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती. सगळा कार्यक्रमभर.

केमिस्ट्रीत तिला ए मिळाला. आज ती वकील आहे. मध्यंतरी एकदा मी विषय काढला, तर म्हणाली, "जाऊ दे ना बाबा, मी पण तोंड उघडलं नव्हतं." मला त्याने बरं वाटलं नाही.

कोणती शाळा चांगली, हे विचारायला तुमच्यापैकी पाच-सहा जण मला मघाशी भेटले. तिन्ही चांगल्या आहेत. शिवाय १९७२ पासूनची कम्युनिटी हाय आहे. फॉर्म भरताना मूल शेजारी असेल, तर समुपदेशक बाईंचा प्रश्न त्याच्याकडे वळवा आणि जरा गप्प बसा. मला जमलं नव्हतं.

आणि हो, नॉर्थ क्वाड बांधताना त्या कार्नेगी लायब्ररीचा दर्शनी भाग तेवढा ठेवला आहे, हुरॉन स्ट्रीटच्या बाजूला. पुढच्या शनिवारी दुपारी दोनला मी तिथे उभा असेन, ज्यांना बघायचं असेल त्यांनी मुलांना घेऊन या. मॅच बाहेरगावी आहे, पार्किंग मिळेल.