चार वाजता चहाला या



चहाला मुहूर्त लागत नाही. हळदीकुंकवाला पंचांग पाहावं लागतं, ओटी लागते, वाण लागतं. शिवाय कुणाला बोलवायचं नाही, हेही तिथं आधीच ठरलेलं असतं. नवरा वारलेली जाऊ स्वयंपाकघरात बसून तिळाचे लाडू वळते आणि बाहेरच्या बैठकीत येत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून आज मला दुपारच्या चहाच्या बैठकीबद्दल बोलायचंय. आपल्या तेरच्या घराघरांत, महिन्यातून एखाद्या दुपारी, घरच्या खाण्यासकट.

चहालाही एके काळी सोवळंओवळं होतं. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींना नेलं. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. हजर असलेल्यांची नावं पुढे वर्तमानपत्रात छापली गेली आणि गहजब झाला. त्यांत टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपापायी घरातल्या बायकांना काय सोसावं लागतं, ते रमाबाई रानड्यांच्या आठवणी वाचल्या की कळतं. आणि खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळे कप ठेवलेले असत, ते पाहिलेली माणसं आजही आपल्यात आहेत. चहा सगळ्यांचा झाला, तो आपोआप झालेला नाही.

आपल्या गावाला तर अशी बैठक शोभणारी आहे. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथून कापड भडोचच्या बंदराकडे जातं. रोमच्या बाजूचे मद्याचे रांजण इथवर आले, त्यांची खापरं इथल्या मातीत सापडली. परक्या माणसाला घरी उतरवून घेणं या गावाला नवं नाही. आणि गोरोबाकाका! संतमंडळी जमली ती कुंभाराच्या घरी, असं परंपरा सांगते. शिंप्याचे नामदेव आणि संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली ज्ञानदेव-मुक्ताबाई भावंडं एका अंगणात बसली. थापटण्यानं कोण कच्चं, कोण पक्कं हे पाहिलं, ती गोष्ट लहान पोरालाही ठाऊक आहे. मला त्या गोष्टीतलं ते बसणं फार मोलाचं वाटतं.

आता खाण्याचं बोलू. विकतचे पुडे फोडून ताटात ओतू नका, एवढी माझी विनंती आहे. चहाबरोबर आपल्याकडे पहिला मान सुशीलाचा. मुरमुरे पाण्यात बुडवले की लगेच काढून घट्ट पिळायचे. रेंगाळलं की त्यांचा लगदा होतो. फोडणीत मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, भरपूर कांदा आणि हळद. मग मुरमुरे, आणि त्यावर डाळव्याचं अन् शेंगदाण्याचं कूट. हे कूट ओल शोषून घेतं, म्हणून सुशीला मोकळा होतो. वरून कोथिंबीर, लिंबू. तो गरमच खावा, म्हणून पाहुण्या आल्यावर करा.

धपाटे मात्र सकाळीच करून ठेवता येतात. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, थोडी कणीक, वाटलेला लसूण-मिरची, ओवा, तीळ. ओल्या फडक्यावर थापून तसेच तव्यावर टाकायचे. शाळू घरचा असेल तर चव वेगळीच. दही आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असली की दुसरं काही मागायला नको. गोडाला शेंगापोळी: भाजलेले दाणे आणि गूळ कुटून कणकेत भरायचे. लाटताना सारण कडेपर्यंत गेलं पाहिजे, नाहीतर शेवटचा घास कोरडा लागतो. खव्याचं काही करायचं असेल, तर भूम-कुंथलगिरीचा खवा आपल्याच जिल्ह्यातला. म्हशीचं साधारण पाच लिटर दूध आटतं तेव्हा किलोभर खवा मिळतो, तेव्हा तो घेताना भावासाठी फार घासाघीस करू नका.

आणि चहा. वीसएक जणींचा चहा एकाच पातेल्यात करायचा तर आलं आधी नुसत्या पाण्यात चांगलं उकळू द्या. कच्चं आलं दुधात पडलं की दूध नासण्याची भीती. गवती चहाची पानं असतील तर तीही पाण्यातच. मग साखर, पत्ती, शेवटी तापवलेलं दूध. गुळाचा चहा करणार असाल तर गूळ गॅस बंद केल्यावर घाला. उकळत्या दुधात घातला की चहा फाटतो. साखर न चालणाऱ्या बऱ्याच जणी असतात, त्यांचा चहा आधी वेगळा काढा, आणि तो देताना चारचौघींत त्यांच्या साखरेची चर्चा करू नका.

वेळ हिवाळ्यात चारची चांगली. चैत्र-वैशाखात पाचच्या आधी कुणाला उन्हातून चालायला लावू नका, आणि आल्या-आल्या माठातलं पाणी द्या.

आता सुरुवातीला सांगितलेल्या त्या जावेकडे येऊ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन केलं. असे ठराव व्हायलाच हवेत. पण ठरावाच्या दुसऱ्या दिवशी त्या बाईनं जायचं कुठं, बसायचं कुणाशेजारी? ती जागा आपल्या ओसरीवर करता येते. कपाळाला काही लावायचं नाही, ओटी भरायची नाही, नाव घ्यायचं नाही. सगळ्यांना एकसारखे कप आणि एकाच सतरंजीवर जागा. शेतावरून मजुरी करून येणाऱ्या शेजारणीलाही बोलवा, आणि तिच्या सुट्टीच्या दिवशीच बैठक ठेवा. नाहीतर ते बोलावणं नुसतं तोंडदेखलं होतं.

बोलावणं पोराच्या हाती धाडू नका, स्वतः जा. ज्या बाईला वर्षानुवर्षं कुणी बोलावलेलं नाही, ती पहिल्यांदा नाही म्हणेल. काम आहे म्हणेल, गुडघे दुखतात म्हणेल. पुन्हा जा. ती आली की तिला स्वयंपाकघरात मदतीला नेऊ नका, बैठकीत बसवा. आणि निघण्याआधी पुढच्या महिन्याचं घर तिथंच ठरवून टाका. तिची तयारी असेल तर पहिलं घर तिचं. धपाट्यांचं पीठ आपण सगळ्या मिळून नेऊ.