हौस ही चैन नव्हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी मी चार शब्द बोलावेत, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला वाटले, पापड-लोणच्याविषयीच बोलायचे असेल. पण त्या म्हणाल्या, "या खेपेला तुमच्या आवडीविषयी बोला." माझी आवड तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. सिनेमा, गाणी आणि साड्या! पिठाच्या गिरणीत रांगेला उभी असले तरी माझे ओठ हलत असतात, आणि बाजारात कोणत्या दुकानी कोणता नवा काठ आला हे मला विचारूनच पुष्कळजणी खरेदीला जातात. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विद्वान बाईंसारखे बोलणे मला जमणार नाही. परंतु या हौसेपायी जे पाहिले आणि त्यावर जो विचार केला, तो आपल्यापुढे मांडते.

प्रथम एक गोष्ट सांगते. बाईच्या हौसेला आपल्याकडे फार लवकर नावे ठेवतात. गडी माणूस पानाच्या टपरीवर दोन तास बसला तर तो विरंगुळा, आणि बाईने पदराच्या पैशाने एक सिनेमा पाहिला तर ती उधळेपणा करते! माझे म्हणणे असे की, हौस ही चैन नव्हे. भाकरीने अंग चालते, पण मन कशाने तरी चालावे लागते की नाही?

माझे आईवडील ऊसतोडीला जात. आपल्या बीड जिल्ह्यात हे नवलाचे नाही; इथे बसलेल्यांपैकी निम्म्याजणींच्या घरी कोयता आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची आणि गावे रिकामी व्हायची. सातवीपर्यंत मी आजीजवळ राहून शिकले. पुढे धाकट्या भावंडांना सांभाळायला आईबरोबर कारखान्याच्या तळावर गेले. पाचटाची कोपी, पहाटेची थंडी, चुलीचा धूर. बाया दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायच्या आणि परत येऊन भाकरी थापायच्या. अशा वेळी भराईला आलेल्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर टेप लावायचा. गाणे सुरू झाले की त्या थकलेल्या बायांचे हात आपोआप तालावर चालायचे. माझी आई दोन ओळी गुणगुणायची आणि मग हसायची. तिला हसताना मी फार कमी पाहिले आहे, म्हणून ते माझ्या ध्यानात राहिले.

त्या तळावर बायांना सर्वांत आवडायची लावणी. पण लावणी बाईमाणसाने उघड म्हणायची नाही, असा दंडक. मोठेपणी मला कळले की, ज्यांच्या लावण्या आम्ही चोरून म्हणायचो त्या सुलोचना चव्हाण या चांगल्या घरंदाज संसारी बाई होत्या. लावणीचे धडे त्यांना त्यांच्या यजमानांनीच दिले. गायला उभ्या राहिल्या की डोक्यावरचा पदर ढळत नसे. आचार्य अत्र्यांनी त्यांना 'लावणीसम्राज्ञी' म्हटले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 10 डिसेंबरला त्या गेल्या. गाणे ठसक्याचे असले म्हणून गाणारी किंवा ऐकणारी बिघडत नाही, हे दाखवायला त्यांच्याइतके चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता सिनेमाकडे येते. माझा पहिला मोठा सिनेमा मी जत्रेतल्या तंबूत पाहिला. तंबूतले थेटर म्हणजे वर कापड आणि खाली माती. पोते अंथरून बसायचे. मधोमध दोरी, इकडे बाया, तिकडे गडी. रीळ संपले की अंधार, आणि अंधारात शिट्ट्या. सिनेमा होता 'माहेरची साडी'. 1991 साली निघालेला, विजय कोंडके यांचा. अलका कुबल त्यात लक्ष्मी झाल्या आहेत. पुढे समजले की ती गोष्ट आधी राजस्थानी भाषेत 'बाई चाली सासरिये' या नावाने 1988 साली येऊन गेली होती. म्हणजे राजस्थान काय नि महाराष्ट्र काय, सासुरवाशिणीचे डोळे एकाच पाण्याचे!

भगिनींनो, तो सिनेमा पाहताना त्या तंबूत बाया जे रडल्या ते मी सांगू शकत नाही. नुसती मुसमुस नव्हे, मोठमोठ्याने. माझ्या शेजारची आजी पडद्यावरच्या सासूला शिव्या देत होती. बाहेर पडल्यावर बाया एकमेकींना म्हणत, "बाई, लई बरं वाटलं." रडून बरे कसे वाटते, हे मला तेव्हा कळले नाही. नंतर स्वतःचे लग्न झाल्यावर कळले. घरी रडायला जागा नसते. सासूपुढे रडावे तर नाटक, माहेरी रडावे तर आईच्या जिवाला घोर. त्या तंबूच्या अंधारात मात्र सर्वजणी मिळून रडू शकत होत्या, आणि कारण विचारणारे कोणी नव्हते. तेवढे काम त्या सिनेमाने केले, म्हणून मी त्याला नावे ठेवत नाही.

पण एक गोष्ट मला खटकू लागली. आपले लाडके सिनेमे आठवून पाहा. 'श्यामची आई' हा 1953 सालचा आचार्य अत्र्यांचा चित्रपट, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवलेला. त्यात आई शेवटी जाते. 'माहेरची साडी'तली लक्ष्मी जाते. 2016 साली नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. काय ती गाणी! अजय-अतुल यांनी त्यांतले संगीत थेट अमेरिकेत, लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रित केले, आणि वाजले ते आपल्या वरातीत. अकलूजची एवढीशी पोर रिंकू राजगुरू, तिने आर्ची होऊन बुलेट चालवली, ट्रॅक्टर चालवला, आणि आपल्यासारख्याच बोलीत ठणकावून बोलली. राष्ट्रीय पुरस्काराच्या वेळी तिच्या कामाची खास नोंद झाली. गावोगाव पोरींना वाटले, ही आपलीच आहे. पण शेवटी काय? आर्चीलाही मारलेच, आणि मारणारे तिच्याच माहेरचे. सोसणारी मेली आणि न सोसणारीही मेली! थेटरातून बाहेर पडताना माझी मुलगी एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर तिने विचारले, "आई, चांगली बाई सिनेमात जगत कामून नाही?"

या प्रश्नाचे उत्तर मला एका जुन्या बोलपटात सापडले. मुलीनेच तो मोबाईलवर काढून दिला. 'कुंकू', 1937 सालचा. प्रभात कंपनीने काढलेला, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला, ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेला. शांता आपटे यांनी त्यात नीरा नावाची मुलगी केली आहे. मामा तिचे लग्न फसवून म्हाताऱ्या बिजवराशी लावून देतो. ही नीरा रडत बसत नाही. ती त्या म्हाताऱ्याला नवरा मानायचेच नाकारते, त्याच घरात ताठ मानेने राहते. शेवटी त्याचेच मन पालटते, आपण अन्याय केला हे तो ओळखतो, आणि जग सोडताना तिला पुन्हा लग्न कर असे लिहून जातो. नीरा जगते. इतक्या जुन्या काळी आपल्या मराठी माणसांनी हे पडद्यावर दाखवले होते! तेव्हा आपल्या आवडीच्या बाईने जगलेच पाहिजे, असे म्हणणे हे काही आजचे खूळ नव्हे.

आता नटण्यामुरडण्याविषयी. आमच्या आत्याबाईंचा जन्म इरकली लुगड्यात आणि खणाच्या चोळीत गेला. मी सहावारीवाली. माझी मुलगी कुर्ता आणि लेगिंग घालते. आणि सकाळच्या वेळी आमच्या गल्लीत पाहाल तर सर्वजणी गाऊनवर ओढणी टाकून पाणी भरताना दिसतील! आधी आत्याबाई गाऊनला 'पोतं' म्हणायच्या. गुडघे दुखू लागल्यावर मात्र एके दिवशी हळूच म्हणाल्या, "मला बी एक आण, पर गडद रंगाचं."

फॅशन टीव्हीवरून आपल्या घरात कशी येते हे आपण पाहिलेच आहे. 2013 साली 'होणार सून मी ह्या घरची' ही मालिका सुरू झाली आणि त्यातल्या जान्हवीचे मंगळसूत्र गळ्यागळ्यांत दिसू लागले. सराफाकडे तेच, बेन्टेक्सच्या गाड्यावर तेच, जत्रेतल्या पालात तेच. आदेश बांदेकर 2004 पासून वर्षानुवर्षे घरोघरी 'होम मिनिस्टर' खेळवीत फिरले आणि पैठणीचे नाव चुलीपाशी पोहोचले. वास्तविक पैठण आपल्या गोदावरीच्याच काठचे. पैठणीच्या पदरावरचे मोर नि मुनिया उलट्या बाजूनेही तसेच दिसतात, ही त्या विणकराच्या हाताची करामत. साडी घेताना पदर उलटा करून पाहा. यंत्रावरच्या नकली साडीला मागून धागे लोंबतात. एवढे सांगितले तरी माझ्या आवडीचा कोणाला तरी उपयोग होईल.

मात्र हौस उधारीची नको. बचत गटाचे कर्ज शेळीसाठी, शिलाई यंत्रासाठी, मुलीच्या फीसाठी काढावे. साडीसाठी काढू नये. मी अंड्यांचे आणि फॉल-पिकोचे पैसे वेगळे ठेवते, त्यातून वर्षाला एक साडी. जुनीचा परकर-पोलका होतो, मग गोधडी होते. हौसेने घर बुडत नाही. मोजून केली तर घराला शोभा येते.

आता मुख्य गोष्टीकडे येते, आणि ती बोलायला मला थोडे धैर्य लागते आहे.

माझी धाकटी जाऊ तिशीत असताना भाऊजी वारले. आमच्या घरात गाण्याची खरी हौस तिला. आवाज असा की कापूस वेचताना शेजारच्या रानातल्या बाया हात थांबवून ऐकायच्या. दहाव्या दिवशी बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसले, जोडवी काढली. आणि गाणेही काढून घेतले. कोणी तसे तोंडाने बोलले नाही. पण ती एकदा भांडी घासताना गुणगुणली, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "नवरा जाऊन वरीस नाही झालं, हिला गाणं सुचतं." त्या दिवसापासून ती गप्प झाली ती पाच वर्षे. कासार दारात आला की ती आत जायची. मला दोन साड्या दाखवल्या की माझ्या वाट्याला रंगीत आणि तिच्या वाट्याला फिकी. भगिनींनो, ज्या गोष्टी बाईला लहानपणापासून आवडतात, त्या नवऱ्याबरोबर आलेल्या नसतात. बांगड्या तिच्या हातात पाळण्यात असल्यापासून होत्या. मग त्या नवऱ्याबरोबर जाव्यात का?

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की, नवरा गेल्यावर बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. परिपत्रक निघाले, पण ते आपल्या उंबऱ्याच्या आत आणायचे काम ग्रामसेवकाचे नव्हे. ते तुमचे-माझे आहे. बांगड्या फोडायला हात पुढे होतात ते बायांचेच.

पुढच्या वर्षी एक चांगला योग आला. मार्च 2023 पासून एस.टी.त बायांना निम्मे तिकीट झाले, आणि जूनअखेर केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी, त्यांची आपापसांतली रुसवेफुगवे, आणि मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा. महाराष्ट्रभर बाया काठापदराच्या साड्या नेसून, गॉगल लावून, घोळक्याने थेटरात गेल्या. आपणही बीडला गेलो, आठवते ना? मी जावेला म्हटले, "चल." ती म्हणाली, "मी कशी येऊ, बाई?" तेव्हा आत्याबाई खाटेवरून बोलल्या, "जा गं. लेकरा, हिरवी नेस." ज्या माउलीचा मुलगा गेला तिने हे म्हटले! मग बोलायला कोण उरले?

त्या सिनेमातल्या बहिणींपैकी कोणी मरत नाही. बहिणी भांडतात, रडतात आणि शेवटी फेर धरून नाचतात. माझी जाऊ आधी खाली बघत होती. मग टाळ्या वाजवू लागली. परतीच्या गाडीत तुम्ही सर्वजणींनी भेंड्या लावल्या, आणि 'ग' आल्यावर कोणाला काही सुचेना, तेव्हा मागच्या बाकावरून तिचा आवाज आला. कंडक्टरनेही वळून पाहिले. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या गाडीत मिळाले. चांगली बाई जगते. फक्त तिला जगू देणाऱ्या चार बाया आजूबाजूला पाहिजेत.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावणे करताना यादीत सवाष्ण आणि विधवा असा भेद नसावा. वाण सर्वांना एकच, गजरा सर्वांना, आणि कासार बसवू तेव्हा पहिला हात ज्या भगिनीच्या बांगड्या फुटल्या तिचा. श्रावणात खेळांचा संच बसवू त्यात गाणे माझ्या जावेने सांगावे. ज्यांना मनातून भरायच्या नसतील त्यांनी बांगड्या भरू नयेत, सक्ती कोणालाच नको. पण "तुला शोभत नाही" हे शब्द आपल्या मंडळाच्या उंबऱ्याबाहेर राहावेत.