ताटातलं हिरवं पान



मी कविता लिहिणारी बाई. पालेभाजीवर मी काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण बाळंतिणीच्या ताटाविषयी मला एक कबुली द्यायची आहे, ती आज देते.

१९९३ साली मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले. आमचं घर सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात. आमच्यात बाळंतिणीचे चाळीस दिवस, म्हणजे चिल्ला, फार जपतात. अम्मानं माझं काही कमी केलं नाही. सकाळी हरीरा, दुपारी यखनी, मधल्या वेळेला गोंदाचा लाडू. एकच गोष्ट ताटात येत नव्हती, ती म्हणजे पालेभाजी. "भाजी नक्को. ठंडी होती. बच्चे का पेट बिगडता," असं अम्मा म्हणायची.

भिंतीला भिंत लागून काकूंचं घर होतं. त्यांची लेकही त्याच महिन्यात बाळंत झालेली. तिच्या ताटात बाजरीची भाकरी आणि लसूण घातलेली शेपूची भाजी. शेपूनं दूध चांगलं येतं, पोटात वात धरत नाही, असं काकू सांगायच्या. एकदा त्यांनी वाटीभर भाजी माझ्यासाठी पाठवली. अम्मानं वाटी आदरानं घेतली आणि झाकून फळीवर ठेवली. रात्री ती अब्बांनी खाल्ली.

भिंतीच्या अलीकडे जी भाजी बाळाला बाधते, ती पलीकडे बाधत कशी नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. मी बी.ए. झालेली होते, कविता छापून येत होत्या. पण प्रश्न पडला नाही.

कबुली पुढेच आहे. २०१९ मध्ये माझी लेक बाळंतपणासाठी माझ्याकडे आली. तिनं माठाची भाजी मागितली, तर मी अम्माचंच वाक्य मराठीत म्हटलं. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्याही 'गरम पडतील' म्हणून मीच डब्यात ठेवून दिल्या. पाचव्या आठवड्यात एका सकाळी बाळाला घेऊन उठताना तिला घेरी आली. मी शेजारीच होते म्हणून बाळ माझ्या हातात आलं. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन साडेआठच्याही खाली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "ही जेवते काय?" मी यादी सांगितली. त्या म्हणाल्या, "यात हिरवं काय आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

त्यांनी जे समजावलं ते सांगते. गरोदरपणात आई आपल्यातलं लोह बाळाला देते, बाळंतपणात रक्त जातं, म्हणून ती आधीच रिकामी झालेली असते. अंगावर पाजताना तिची फोलेटची गरजही वाढलेली असते, आणि ते पालेभाजीत भरपूर असतं. आईनं भाजी खाल्ली म्हणून दुधातलं लोह वाढत नाही, पण अ जीवनसत्त्वासारख्या काही गोष्टी दुधात किती उतरतात, ते तिच्या खाण्यावर ठरतं. मात्र भाजी गोळीची जागा घेत नाही. सरकारी कार्यक्रमात बाळंतपणानंतर १८० दिवस लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी घ्यायला सांगतात, ती घ्यायचीच. आणि बाळाला कधी हिरवट शी झाली, तरी ते नीट दूध पीत असेल, वजन वाढत असेल, तर घाबरायचं कारण नाही.

पुढे मी याविषयी वाचू लागले आणि एक गोष्ट वाचून थबकले. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक गंभीर रक्तक्षय होत होता, त्याचं कारण तिला शोधायचं होतं. कोण काय खातं, याची तिनं पाहणी केली. सर्वांत निकस आहार आणि सर्वांत जास्त आजार तिला दिसला तो गरीब मुसलमान बायकांमध्ये. यीस्टचा अर्क दिल्यावर त्या सुधारल्या. १९३१ मध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे आपण ज्याला फोलेट म्हणतो तो. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी काही टन पालकातून तो वेगळा काढला आणि लॅटिनमधल्या 'पान' या अर्थाच्या शब्दावरून त्याला फॉलिक अॅसिड हे नाव दिलं.

माझ्या लेकीच्या गोळीच्या पाकिटावर तेच नाव होतं. म्हणजे पानाचंच नाव. आमच्याच बायकांच्या दुखण्यातून सुरू झालेला हा शोध जगभर गेला, पण आमच्या स्वयंपाकघरात पोचला नाही.

हे एका घराचं किंवा एका समाजाचं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तर हे प्रमाण शेकडा ६९ च्या जवळ होतं.

आता बाळाचं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. बाळानं पोटातून आणलेलं लोह साधारण तेवढेच दिवस पुरतं. पुढे वरचं अन्न लागतं, आणि आपण वरणाच्या पाण्यावरच थांबतो. माझ्या नातीला सातवा महिना लागला, तेव्हा मऊ मुगाच्या खिचडीत एक चमचा शिजवून घोटलेला माठ आणि थेंबभर तूप घातलं. तिनं तोंड वाकडं केलं आणि सगळं बाहेर काढलं. पूर्वीची मी असते तर 'हिला आवडत नाही' म्हणून थांबले असते. पण नवी चव ओळखीची व्हायला बाळाला आठ-दहा वेळाही लागू शकतात. एक दिवसाआड चमचा दाखवत राहिलो, जबरदस्ती केली नाही. नवव्या की दहाव्या वेळी तिनं आपण होऊन तोंड उघडलं. आईच्या दुधातूनही भाज्यांची चव बाळापर्यंत जाते. २००१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आयांनी गाजराचा रस प्यायला होता, आणि त्यांच्या बाळांना पुढे गाजर घातलेलं खाणं अधिक आवडलं.

भाजी महाग असायला हवी असं नाही. माठ, राजगिरा, चाकवत, मेथी, परसातल्या शेवग्याचा पाला, काहीही चालेल. एका भाजीवर अडू नका, पालकातलं लोह अंगाला कमी लागतं. भाजी वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, मगच चिरा. थोड्या पाण्यात शिजवा आणि ते पाणी फेकू नका. आईच्या ताटात वरून लिंबू पिळा, जेवणाबरोबर चहा नको. बाळासाठी ताजी शिजवा, शिळी ठेवू नका. वर्षाच्या आत वरून मीठ नको, मधही नको.

अम्माला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. गावात नळ नव्हते, पावसाळ्यात चिखलाची भाजी खाऊन माणसं आजारी पडायची. तिची भीती उगाच नव्हती. पण धुण्याशिजवण्याचा उपाय सोडून आम्ही भाजीच सोडून दिली.

अम्मा आता ऐंशीच्या पुढे आहे. नात दोन वर्षांची असताना अम्मा शेवग्याचा पाला निवडायला बसली होती. काड्या वेगळ्या करता करता म्हणाली, "हमारे वक्त में किसी ने बोलाच नहीं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "काकू ने बोली थी."

तुमच्या घरात, शेजारात कुणी बाळंतीण असेल, तर आज तिच्या ताटात एकदा डोकावून बघा. आणि वाटीभर भाजी पाठवलीत, तर ती तिनं खाल्ली का, हेही विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)