धावायलाही शिकवावे लागते
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आज मी बेसबॉलविषयी बोलणार आहे, हे ऐकून काहींना नवल वाटेल. हा खेळ अमेरिकेत वाढला. पण त्याचाच भाऊबंद सॉफ्टबॉल आपल्या शाळांतही खेळला जातो, आणि मुलांना धावायला कसे शिकवावे हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. तुम्ही म्हणाल, धावायला काय शिकवायचे? मूल पायावर उभे राहिले की धावतेच. नेमकी येथेच आपली चूक होते.

बेसबॉलच्या मैदानावर चौकोनात चार बेस असतात. मोठ्यांच्या खेळात दोन बेसमधील अंतर ९० फूट, तर लिटल लीगच्या लहान मुलांसाठी ६० फूट. चेंडू मारणाऱ्याने तीन बेसना क्रमाने स्पर्श करून पुन्हा घरी, म्हणजे होम प्लेटवर यावे, तेव्हा एक धाव होते.

सरावातील पहिला धडा पहिल्या बेसचा. मूल बेसजवळ येताच वेग कमी करते. वास्तविक पहिला बेस ओलांडून सरळ पुढे धावत जाण्याची नियमात मुभा आहे. दुसऱ्या बेसकडे वळण्याचा प्रयत्न न करता लगेच परतले म्हणजे झाले. म्हणून शिक्षकाने बेसच्या चार-पाच पावले पुढे खूण ठेवावी आणि सांगावे, "तुझी शर्यत तेथपर्यंत आहे."

दुसरा धडा वळणाचा. दुसऱ्या बेसपर्यंत जायचे असेल, तर सायकलवाला कोपरा वळण्यापूर्वी जसा थोडा बाहेरून येतो, तसे बाहेरून यावे आणि बेसच्या आतल्या कोपऱ्यावर पाय देऊन वळावे. तिसरा धडा डोक्याचा. प्रत्येक चेंडूपूर्वी धावणाऱ्याला विचारावे : किती गडी बाद आहेत? चेंडू उंच उडाला तर काय करशील? जमिनीवरून गेला तर? उत्तर आधी तयार असेल, तरच पाय वेळेवर उचलतात. या सरावाला खर्च नाही. गोणपाटाचे चार तुकडे आणि मोकळे मैदान पुरते.

या लहान गोष्टींना किती मोल आहे, हे एका घटनेवरून सांगतो. २३ सप्टेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो कब्ज यांचा सामना होता. शेवटचा डाव, १-१ अशी बरोबरी, न्यूयॉर्कचे दोन गडी बाद. पहिल्या बेसवर फ्रेड मर्कल हा अवघ्या १९ वर्षांचा मुलगा होता. सहकाऱ्याने चेंडू मारला, तिसऱ्या बेसवरचा गडी घरी आला. जिंकलो, असे समजून प्रेक्षक मैदानात धावले आणि मर्कल दुसऱ्या बेसला पाय न लावताच माघारी वळला. शिकागोच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मागवून दुसऱ्या बेसला पाय लावला. पंचांनी मर्कलला बाद दिले, म्हणून ती धाव गेली आणि सामना बरोबरीत राहिला. हंगामाच्या अखेरीस दोन्ही संघ समान ठरले. ८ ऑक्टोबरला पुन्हा सामना झाला, तो शिकागोने जिंकला आणि अजिंक्यपद नेले.

लोकांनी त्या मुलाला बिनडोक ठरवले, आणि ते टोपणनाव त्याला जन्मभर चिकटले. पण विचार करा. विजयी धाव होताच पुढचा बेस न गाठता परतणे, हा त्या काळी अनेकांचा रिवाज होता. शिवाय १९ दिवस आधी, ४ सप्टेंबरला, पिट्सबर्गमध्ये असाच प्रसंग घडला होता. त्या वेळीही एव्हर्सने दाद मागितली होती आणि पंचही तेच होते. तेव्हा मात्र त्यांनी धाव मान्य केली. म्हणजे मोठ्यांना इशारा मिळालेला होता. मग दोष एकट्या मुलाचा कसा? तरीही त्याचे व्यवस्थापक जॉन मॅकग्रॉ यांनी त्याला संघात ठेवले आणि पुढे अनेक वर्षे खेळवले. माझ्या मते त्या हंगामातील सर्वांत मोठा धडा हाच आहे.

पालकहो, मूल बाद होऊन येते, तेव्हा मैदानाच्या कडेने आपण ओरडतो, "कशाला धावलास?" पुढच्या वेळी ते मूल बेसवर खिळून राहते. त्याला धावता येत नाही असे नाही. त्याला आपली भीती वाटते. ओरडण्यापेक्षा घरी शांतपणे विचारा, "त्या वेळी तू काय पाहिलेस? पुन्हा तसेच झाले तर काय करशील?" उत्तर त्यालाच शोधू द्या. गणित चुकले तरी हेच विचारा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एवढेच सांगतो. टाळ्या वाजू लागल्या, सगळे घरी निघाले, तरी आपला पाय बेसला लागला की नाही ते पाहा. इतर जण तो गाळतात म्हणून तुम्ही गाळू नका. आणि एखाद्या दिवशी चुकलात, तर तोंड लपवू नका. दुसऱ्या दिवशी सरावाला सर्वांच्या आधी या.